जळगावातून रमी सेट घेतला: पत्ते एक नंबर, पण काउंटचा कागद चुकीचा आहे, घेणाऱ्यांनी वाचा

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठ दिवस आधी फुले मार्केटमध्ये बांगड्या घ्यायला गेले होते, तिथंच एका स्टेशनरी-खेळण्यांच्या दुकानात हा रमी सेट दिसला आणि ३८० रुपयांना घेतला. पुठ्ठ्याचा बॉक्स, आत पत्त्यांचे दोन कॅट, एक स्कोअर पॅड, एक छोटी पेन्सिल आणि मराठीत छापलेलं नियमांचं घडीचं पत्रक. आता पंधरा-वीस दिवस रोज वापरून झालाय म्हणून लिहितेय, कारण घ्यायच्या आधी मी शोधलं तेव्हा मराठीत नीट सांगणारं काही सापडलं नव्हतं.

आधी घेतला का ते सांगते. माझं माहेर अमळनेर तालुक्यात. आखाजीला आम्ही सगळ्या लेकी माहेरी जमतो, सकाळी झोके, गौराईची गाणी, मग खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, आणि दुपारी जेवणं झाली की निंबाखाली सतरंजी टाकून पत्ते. खान्देशात आखाजी आणि पत्ते हे नातं कुणाला सांगायला नको. आमच्या घरी पैसे लावत नाहीत, चिंचोके लावतात, ही आजोबांपासूनची पद्धत. मला मेंढीकोट येतं, बदाम सात येतं, पाच-तीन-दोन येतं, पण रमीच्या गोलात मी कधी बसलेच नाही, ती कायम मोठ्यांची. त्या गोलात आमची मोठी आत्या बसते, वय पंच्याहत्तरच्या पुढं, आणि तिचा काउंट, म्हणजे डाव संपल्यावर हरलेल्यांच्या हातातल्या पानांचे पॉइंट मोजणं, अजून तोंडी असतो. यंदा ठरवलं होतं की तिच्या शेजारी बसून शिकायचंच, आणि घरातले जुने कॅट इतके मऊ पडलेत की पिसताना चिकटतात, म्हणून हा सेट.

पत्त्यांबद्दल आधी, कारण ते खरंच चांगले आहेत. प्लॅस्टिकचे आहेत, नुसते कोटिंगवाले नाहीत, त्यामुळं आपल्याकडच्या उन्हात घामेजलेल्या हातांनी तासन् तास खेळलं तरी फुगत नाहीत. कागदी कॅट एका उन्हाळ्यात संपतो हे ज्यांनी दुपारी अंगणात खेळलंय त्यांना माहितीय. भाच्यानं आमरसाच्या हातानं चौकटची राणी उचलली, ओल्या फडक्यानं पुसली, डाग गेला. कोपऱ्यातले आकडे मोठे आहेत, तेरा पानांचा पंखा हातात धरला तरी प्रत्येक पानाचा आकडा आणि रंग (बदाम, इस्पिक, किलवर, चौकट) दिसतो, आत्याला चष्मा वरखाली करावा लागला नाही, आणि माझ्यासाठी ३८० रुपये तिथंच वसूल झाले. एकच त्रास, नवीन असताना फार घसरतात, सतरंजीवर ठीक पण फरशीवर ओपन पत्त्यांचा ढीग पसरतो, आणि टेबलफॅन चालू असेल तर गड्डीवर काहीतरी वजन लागतंच, आम्ही अडकित्ता ठेवायचो.

आता एक गोष्ट दुकानातच बघून घ्या. माझ्या सेटमधले दोन्ही कॅट मागून एकाच रंगाचे, लाल, आणि रमीला हेच पाहिजे. बऱ्याच सेटमध्ये एक लाल एक निळा येतो, डाव संपल्यावर वेगळे करायला सोपे म्हणून. पण खेळताना त्यानं अडचण होते. समजा बदामची अठ्ठी मला हवीय आणि लाल कॅटमधली अठ्ठी मघाशीच ढिगात पडलेली मी पाहिलीय, म्हणजे राहिली ती निळीच, आणि गड्डीच्या वर लाल पाठ दिसतेय तर ते पान माझं नाही हे खेचायच्या आधीच कळलं. तसंच समोरच्यानं लाल-निळी पानं हातात कशी लावलीत हेही लक्ष ठेवणाऱ्याला दिसतं. छोटी बाब वाटते पण रमीत लक्षात ठेवणं हाच तर अर्धा खेळ आहे.

पत्रकात काय आहे ते आता. सुरुवात छान केलीय. तेरा पानं, दोन ते सहा जण, दोन कॅट, वाटून झाल्यावर एक पान कट करून गड्डीखाली आडवं ठेवायचं, तो कट जोकर, त्या आकड्याची सगळ्या रंगांची पानं जोकर, म्हणजे कुठल्याही पानाच्या जागी चालणारी. शो करायला, म्हणजे सगळा हात लावून डाव संपवायला, कमीत कमी दोन सिक्वेन्स (एकाच रंगाची ओळीनं येणारी पानं) पाहिजेत आणि त्यातला एक प्युअर, म्हणजे बिनजोकरचा, बाकीची पानं सिक्वेन्स किंवा सेटमध्ये (एकाच आकड्याच्या पानांत) बसली पाहिजेत. आमच्याकडे प्युअरला फर्स्ट लाईफ आणि दुसऱ्याला सेकंड लाईफ म्हणतात, पत्रकात ते शब्द नाहीत पण अर्थ बरोबर आहे. आणि एक बारीक मुद्दा त्यांनी चित्र काढून समजावलाय त्याचं कौतुक करते: छक्की जोकर असताना किलवरची पंजी-छक्की-सत्ती हातात आली तर ती प्युअरच धरायची, कारण छक्की स्वतःच्या जागी बसलीय, जोकर म्हणून वापरलेली नाही. हे मला कुणी सांगितलं नसतं तर मी तो सिक्वेन्स मोडून छक्की दुसरीकडं लावली असती आणि हातातलं प्युअर घालवलं असतं.

पण मग गाळलेल्या गोष्टी सुरू होतात. सेटबद्दल लिहिलंय "एकाच आकड्याची तीन किंवा चार पानं", बस. रंग वेगवेगळे पाहिजेत हे कुठंच नाही. एका कॅटवर खेळलं तर हा प्रश्न येतच नाही, पण इथं दोन कॅट आहेत, प्रत्येक पान दोनदा आहे. भाच्यानं बदामच्या दोन नव्व्या आणि इस्पिकची एक नव्वी लावून मोठ्या आनंदात शो टाकला, चुकीचा शो, सरळ ऐंशी पॉइंट अंगावर. बारा वर्षांचं पोर, पत्रक वाचूनच खेळत होतं, डोळ्यात पाणी आलं त्याच्या, आणि मला त्या पत्रकाचा खरंच राग आला. एक ओळ जास्त छापली असती तर काय गेलं असतं.

एक्क्याचं पण अर्धंच दिलंय. एक्का-दुर्री-तिर्री चालतं, राणी-राजा-एक्का चालतं, हे आहे. राजा-एक्का-दुर्री चालत नाही, हे नाही, आणि नवीन माणूस नेमकं तेच लावतो. जोकर पण किती घ्यायचे सांगितलेलं नाही, प्रत्येक कॅटमध्ये दोन पेपर जोकर (जोकरचं चित्र छापलेली पानं) आहेत म्हणजे एकूण चार, आमच्याकडे प्रत्येक कॅटचा एकच ठेवतात. १०४ पानं अधिक २, झाली १०६. सहा जणांना वाटली की ७८ गेली, एक कट, एक ओपन, गड्डीत राहतात २६. चारही पेपर जोकर ठेवले तर खेळ सैल होतो, कारण कट जोकरची सात पानं फिरत असतातच, त्यात दोन मिळवली तर नऊ, चार मिळवली तर अकरा. आणि कटमध्येच पेपर जोकर निघाला तर काय? आमच्याकडे आणि बहुतेक ठिकाणी मग एक्के जोकर होतात. पत्रक याबद्दल गप्प.

आता मुख्य गोष्ट, काउंट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

पानांची किंमत बरोबर दिलीय: एक्का, राजा, राणी, गुलाम प्रत्येकी दहा, बाकी पानं आकड्याप्रमाणं, जोकर शून्य, आणि कितीही भरलं तरी ऐंशीच्या वर नाही. प्युअर नसेल तर सगळा हात मोजायचा, हेही बरोबर. पण पुढं लिहिलंय की प्युअर झाला की "लागलेले सेट मोजू नयेत". हे चूक आहे. आणि नेमकं इथंच घराघरात भांडणं होतात.

आखाजीच्या दिवशी दुपारी आम्ही पाच जण १०१ चा पूल खेळत होतो, म्हणजे डावामागून डाव पॉइंट मिळवत जायचे आणि ज्याचे १०१ झाले तो बाहेर. आत्याचा स्कोअर ४५ होता. काकांनी शो टाकला, बरोबर निघाला, आणि सगळ्यांनी हात उघडे केले. आत्याच्या हातात किलवरची सत्ती-अठ्ठी-नव्वी, म्हणजे प्युअर. बदाम, इस्पिक आणि किलवरचे तीन राजे. चार रंगांच्या चार पंज्या. आणि चौकटचा गुलाम, चौकटची राणी, बदामची दुर्री. चौकटची दश्शी किंवा राजा किंवा एखादा जोकर आला असता की सेकंड लाईफ झाली असती, तो आला नाही. पॅड माझ्याकडं होतं. मी पत्रक बघून हिशोब केला, प्युअर सोडला, राजे सोडले, पंज्या सोडल्या, राहिले गुलाम दहा, राणी दहा, दुर्री दोन, बावीस. ४५ आणि २२, ६७, आत्या खेळात राहते. मी २२ लिहिलं पण.

आत्यानं माझ्या हातातल्या पॅडकडं पाहिलं आणि म्हणाली, "कागद काय म्हनस ते ठेव बाजूले. बहात्तर लिख."

मला वाटलं तिची चूक होतेय. मग तिनं एक एक पान बोटानं दाबत सतरंजीवर परत मांडलं आणि सांगितलं. सेटला किंमत येते ती दोन्ही सिक्वेन्स झाल्यावर. एक लाईफ झाली तर तेवढीच माफ, बाकी सगळं मोजायचं, तीन राजे तीस, चार पंज्या वीस, गुलाम-राणी वीस, दुर्री दोन, बहात्तर. ४५ आणि ७२, ११७. ती स्वतःच पुलातून बाहेर झाली, पानं गोळा करून माझ्याकडं सरकवली आणि उरलेला वेळ माझ्या मागं बसून माझा हात बघत राहिली. एका ओळीच्या चुकीनं पन्नास पॉइंटचा फरक पडतो, आणि पुलात पन्नास पॉइंट म्हणजे माणूस आत की बाहेर.

त्याच संध्याकाळी मी पत्रकात ती ओळ पेनानं खोडून वर बरोबर लिहून ठेवलं. ज्यांनी हा सेट घेतलाय त्यांनी पण आज खोडा.

त्या दुपारी मागं बसून आत्यानं जे शिकवलं ते कुठल्याच पत्रकात नसतं. प्युअर होत नाही तोवर दुसरं काही बघू नको. राजा-राणी एकटी-दुकटी असली तर आधी तीच फेक, कारण राजा फक्त दोन सिक्वेन्समध्ये बसतो, गुलाम-राणी-राजा नाहीतर राणी-राजा-एक्का, आणि सत्ती तीन ठिकाणी बसते, पाच-सहा-सात, सहा-सात-आठ, सात-आठ-नऊ, शिवाय अंगावर राहिली तरी सातच मोजायचे. आणि प्रत्येक पान दोनच आहेत, बदामच्या दोन्ही अठ्ठ्या पडल्या की तिची वाट बघणं सोड. मी एकदा पडून गेलेल्या पानासाठी पाच चाली थांबले तेव्हा मागून आवाज आला, "दोन्ही गयात ना पोरी, आते कोनती वाट देखी राह्यनी?"

पूल रमीचं पान पत्रकात मोठं आहे पण तिथंही गोंधळ. १०१ ला पहिल्याच चालीत पॅक केलं (डाव सोडून दिला) तर २० पॉइंट अंगावर, मधे पॅक केलं तर ४०. २०१ ला हे २५ आणि ५० असतं. पत्रकात दोन्हीकडं २० आणि ४० छापलंय. काही घरात तसं खेळतही असतील, पण मग परत एन्ट्रीचा नियम जुळत नाही, आणि तो नियम त्यांनी बरोबर छापलाय! बाहेर झालेल्याला परत यायचं असेल तर १०१ मध्ये आत असलेल्यांपैकी कुणाचाच स्कोअर ७९ च्या वर नको, २०१ मध्ये १७४ च्या वर नको, आणि परत येणारा सगळ्यात जास्त स्कोअरच्या एक पुढं बसतो. हे ७९ आणि १७४ कुठून आले याचा मी दोन दिवस विचार केला आणि हिशोब लागला तेव्हा फार बरं वाटलं. ७९ वर एक म्हणजे ८०, आणि ८० वर एकदा पॅकचे २० मिळवले तर १००, म्हणजे तो अजून जिवंत. १७४ वर एक १७५, त्यावर २५, झाले २००, तोही जिवंत. परत आलेल्याला निदान एकदा तरी पॅक करता यावं असा तो आकडा बसतो. १०१ मध्ये ८१ झाले की पॅक म्हणजे सरळ बाहेर, कितीही वाईट हात आला तरी खेळावंच लागतं. हे समजलं की पुलात कधी दबून खेळायचं आणि कधी नाही ते आपोआप कळायला लागतं. नुसते आकडे पाठ करून नाही कळत.

म्हणून मला स्कोअर पॅडचं जास्त वाईट वाटलं. कागद चांगला आहे, पन्नास पानं आहेत, पण रकाने चारच. बॉक्सवर सहा खेळाडूंचं चित्र आणि पॅड चौघांचं. शिवाय प्रत्येक डावाचे पॉइंट लिहायची जागा आहे पण चालू बेरजेला जागाच नाही, सगळ्यात खाली एकच टोटल. पुलात प्रत्येक डावानंतर कोण कुठं आहे हे समोर दिसलं पाहिजे, त्यावरच पुढची चाल ठरते. आम्ही शेवटी शाळेची जुनी वही घेतली, पट्टीनं सहा रकाने आखले, प्रत्येकात डावाचे पॉइंट आणि शेजारी बेरीज, पॅक केलं तर आकड्याभोवती गोल. पेन्सिल मात्र छान आहे, तीच वापरली.

बाकीचे प्रकार थोडक्यात. पॉइंट रमीचं बरोबर दिलंय, एकच डाव, हरलेल्यांचे पॉइंट जिंकणाऱ्याला. आम्ही दर दहा पॉइंटला एक चिंचोका धरला. डील्स रमी पण नीट आहे, डाव आधीच ठरवायचे, सगळ्यांना सारखे चिप्स, शेवटी ज्याच्याकडं जास्त तो जिंकला, मुलांना शिकवायला हीच बरी कारण कुणी मधेच बाहेर पडून रुसत नाही. एकवीस पानांच्या रमीला अर्धं पान दिलंय आणि त्याला तीन कॅट लागतात, सेटमध्ये दोनच. तिथं तीन प्युअर पाहिजेत, ऐंशीच्या ऐवजी एकशेवीसची मर्यादा, आणि कट जोकरच्या रंगातलं एक वरचं आणि एक खालचं पानही जोकर होतं, ती तिन्ही एकत्र आली की त्याला मॅरेज म्हणतात. एका रात्री घरातला जुना कॅट मिसळून बघितला, त्याची पाठ हिरवी, मऊ पडलेली, हाताला अंधारातसुद्धा कळतं कुठलं पान कुठल्या कॅटचं, डाव अर्ध्यात सोडला.

पत्रकाच्या शेवटी एक क्यूआर कोड आहे, "ऑनलाईन सराव करा" म्हणून, तो उघडत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून चालणारे ऑनलाईन खेळ बंद झाले, त्यानंतर ती लिंक गेली असेल तर पत्रक बदलायला हवं होतं. मला त्या कोडची गरज पडली नाही, पण वडिलांनी तो बघून विचारलं की हे सगळं जुगारात तर येत नाही ना. त्यांना मी सांगितलं ते इथंही सांगते: १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं आंध्र प्रदेशच्या एका केसमध्ये म्हटलंय की रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं काय टाकायचं याला डोकं लागतं, तीन पत्तीसारखं नाही. याचा अर्थ कुणी क्लब काढून त्यावर कमाई करावी असा नाही, त्याला वेगळे नियम आहेत. आपण निंबाखाली चिंचोक्यांवर खेळतो.

परत दुकानात गेले होते, पत्रकातल्या चुका दाखवल्या, दुकानदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले माल आम्ही बनवत नाही ताई, वर कळवतो. पत्त्यांना माझ्याकडून पाचपैकी पाच, पॅडला दोन, पत्रकाला एक, तोही त्या छक्कीच्या चित्रासाठी. घ्यायचा असेल तर पत्त्यांसाठी घ्या. बॉक्स दुकानातच उघडून दोन्ही पाठी एका रंगाच्या आहेत का बघा, बावन्न आणि बावन्न पानं मोजा, माझ्या पहिल्या बॉक्समध्ये इस्पिकची दुर्री नव्हती, लगेच बदलून दिला. आणि डाव वाटायच्या आधी सगळ्यांसमोर चार गोष्टी बोलून घ्या: पेपर जोकर किती, कटमध्ये पेपर जोकर निघाला तर काय, पॅकचे किती, आणि सेकंड लाईफ नसेल तर सेट मोजायचे. ही शेवटची तर वहीच्या पहिल्या पानावर लिहूनच ठेवा.

मी आणखी एक सेट मागवलाय, लाल पाठीचाच, तिसऱ्या कॅटसाठी. आत्यानं सांगितलंय की दिवाळीला आलीस की एकवीसची शिकवते.